हिशेबाच्या कचेरीतले वसंतराव

फाल्गुन महिना आमच्या वेळणेश्वराला दोन गोष्टी एकदम घेऊन येतो. एकीकडे शिमगा, पालखी, ढोल. दुसरीकडे एकतीस मार्च. पूर्वी या एकतीस मार्चचे आम्हां शेतकऱ्यांना काही सोयरसुतक नव्हते. आमचे वर्ष पाडव्याला सुरू होई, नाहीतर मृगाला. पण आता घरोघर कोणी ना कोणी सोसायटीत, पतपेढीत, बँकेत चिकटलेले आहे. त्यामुळे शिमग्याचा ढोल आणि हिशेबाची वही एकाच वेळी घरात शिरतात, आणि मग भांड्याला भांडे लागते. आमच्या घरात यंदा लागले, म्हणून हे लिहिते आहे.

आमचा पुतण्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, बी.कॉम. झाला आणि दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका पतपेढीत हिशेबनीस म्हणून लागला. सकाळच्या एसटीने जातो, दिवेलागणीला येतो. पोरगा आकड्यांचा चोख आहे. पण त्याला दुसरेही एक वेड आहे. आमच्या वाडीच्या नमनात तो मावशीची भूमिका करतो. ज्या वाचकांनी आमच्याकडचे नमन पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. गण झाला की गवळण येते, आणि गवळणींना बाजाराला घेऊन जाणारी ही मावशी सगळ्यांत भाव खाऊन जाते. लुगडे नेसलेला, पदर खोचलेला पुरुष कमरेवर हात ठेवून कृष्णाशी वाद घालू लागला की म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा पदराआड हसतात.

तर एका रात्री जेवणे आटोपून आम्ही ओटीवर बसलो होतो. पुतण्या हळूच म्हणाला, "काकू, तुझं ते जांभळं लुगडं देशील काय? गेल्या वर्षीचं फाटलं."

मी हो म्हणणार एवढ्यात त्याचे वडील कडाडले. "काय नको! पतपेढीचा हिशेबनीस लुगडं नेसून नाचणार? उद्या लोक पैसे ठेवतील काय तुझ्याकडे? हसणाऱ्याच्या हातात पेटीची किल्ली देऊ नये."

हे शेवटचे वाक्य दिरांनी उगीच उच्चारले नव्हते. त्यामागे जुने दुखणे आहे. फार वर्षांपूर्वी वाडीत एक भिशी चालायची. ज्याच्याकडे वही होती तो माणूस मोठा गमत्या. ढोलकी वाजवायचा, नकला करायचा, ज्याच्या त्याच्या घरी चहाला हजर. त्याच्याकडे हिशेब मागायचा कोणाला धीर होत नसे, कारण मागायला गेले की तो असा काही हसवायचा की माणूस पैसे विसरून घरी यायचा. तिसऱ्या वर्षी वही जुळेना. दिरांनी बैलजोडीसाठी साठवलेले पैसे त्यात गेले. त्या वर्षी आमची नांगरणी दुसऱ्याच्या बैलांवर झाली, आणि तीही उशिरा. तेव्हापासून हिशेबाचा माणूस हसरा दिसला की दिरांच्या कपाळाला आठी पडते. मी त्यांना दोष देत नाही. ज्याचे बैल गेले त्यालाच ते कळायचे.

पण त्या रात्री मला राहवले नाही. मी विचारले, "भावोजी, तुम्हाला वसंतराव देशपांडे माहीत आहेत ना?"

"कट्यारवाले? न माहीत असायला काय झालं! रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की हातातला कोयता खाली ठेवायचो आम्ही."

"ते पोटासाठी काय करायचे?"

"गायचे. आणि काय करणार?"

"नाही. हिशेब तपासायचे. मिलिटरी अकौंट्सच्या कचेरीत. सुमारे चोवीस वर्षं."

दीर माझ्याकडे बघतच राहिले. पुतण्याला हे ठाऊक होते, कारण त्यानेच मला २०२२ साली आलेला 'मी वसंतराव' हा चित्रपट मोबाईलवर दाखवला होता. त्यात वसंतरावांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली आहे. पण चित्रपटाच्या आधीपासून ही गोष्ट मला माहीत होती. आमच्या पिढीने वसंतरावांना आकाशवाणीवर ऐकले, मासिकांतून त्यांच्याविषयी वाचले. माझ्या माहेरी घरात गाणे नव्हते. रेडिओ होता, तोही शेजारच्यांचा. कुंपणापलीकडून जेवढे ऐकू येईल तेवढे आमचे.

वसंतराव मूळचे वऱ्हाडातले. २ मे १९२० रोजी मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात आईच्या छायेत वाढले. घर बेताचे, पण आईने मुलाचा गळा ओळखला. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. पोरवयातच भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' या १९३५ सालच्या चित्रपटात ते कृष्ण झाले. नमनातल्या आमच्या गवळणीतला कृष्ण आणि हा पडद्यावरचा कृष्ण यांचे वय साधारण सारखेच असते, पंधराच्या आसपास. पुढे ते लाहोरला गेले. तिथे उस्ताद असद अली खाँ यांनी त्यांना मारवा राग शिकवला, आणि वसंतरावांचा मारवा म्हणजे काय चीज होती हे ऐकणारे जाणतात. मास्टर दीनानाथांच्या गायकीची छाप त्यांच्यावर होती. पुण्यात आल्यावर सुरेशबाबू माने यांच्याकडूनही ते शिकले.

आता एवढे सगळे पदरात पडलेला माणूस गवई व्हायचा की नाही? पण दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. गाण्यावर चूल पेटेल याची हमी नव्हती. लष्कराच्या हिशेबाच्या कचेरीत मात्र माणसे हवी होती. वसंतराव पुण्याला त्या कचेरीत कारकून म्हणून लागले.

या कचेरीचे काम काय, तर जवानांचे पगार, भत्ते, प्रवासाची बिले, कंत्राटदारांची देणी हे सगळे कागद तपासायचे, आकडा आकड्याला जुळवायचा, आणि जुळला तरच पुढे सरकवायचा. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याला हे काम काही परके नाही. इथल्या कितीतरी घरांतला एखादा तरी माणूस पलटणीत गेलेला. आमच्या वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या फौजीच्या पेन्शनचा कागद पार अलाहाबादेहून आला होता. तो कागद मिळेपर्यंत त्याने पोस्टात किती खेपा घातल्या ते आम्ही पाहिले आहे. अशा कागदावर कोणीतरी बसून मान मोडून बेरजा केलेल्या असतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. वसंतराव त्या बेरजा करणाऱ्यांपैकी एक होते. दिवसा बेरजा, रात्री मैफल.

आणि मैफलही कशी? नुसते डोळे मिटून गाणारे ते गवई नव्हते. तबल्यावर त्यांचा हात बसलेला होता, पेटी त्यांना येत होती. ख्याल, ठुमरी, गझल, लावणी, नाट्यगीत, भावगीत यांतले काही त्यांना वर्ज्य नव्हते. नकला तर अशा करीत की जुन्या रंगभूमीवरचा कोणता नट-गवई कसा गात असे ते त्याच्या ढंगासकट उभे करून दाखवीत. नाट्यसंगीताचा प्रवास सांगताना ते मध्येच थांबून बोलत, चिमटे काढीत, आणि पुन्हा सहज सुरात शिरत. पु. ल. देशपांडे हे त्यांचे जिवलग मित्र. दोघे जवळजवळ एकाच वयाचे. पु. ल. त्यांना 'वसंतखाँ' म्हणत. ज्या माणसाला पु. लं.सारख्या दोस्ताने असे लाडके नाव दिले, तो माणूस चारचौघांत कसा खुलत असेल हे वेगळे सांगायला नको. गप्पा, खाणे, गाणे, थट्टा यांत रात्र संपायची, आणि सकाळी पुन्हा कचेरीतले टेबल.

हे मी दिरांना सांगत होते तेव्हा ते मध्येच म्हणाले, "मग कचेरीतले साहेब काही बोलत नसत?"

बोलत असतील. नोकरी ती नोकरी. रजा मागायला लागते, उशीर झाला तर मान खाली घालायला लागते. साठच्या दशकात तर त्यांची बदली पुण्याहून थेट नेफात झाली. नेफा म्हणजे ईशान्येचा सीमेवरचा डोंगराळ मुलूख. आज त्याला अरुणाचल प्रदेश म्हणतात. पुण्याच्या मैफली, मित्र, रेडिओ हे सगळे मागे टाकून हा माणूस तिकडे गेला. आपल्याकडे चाकरमानी मुंबईला गेला तरी आई आठ दिवस जेवत नाही. हा तर देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे त्यांना काय वाटले असेल याची कल्पना आपण घरात बसून करू नये.

साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी नोकरीचा निरोप घेतला. वय पंचेचाळिशीचे. आपल्याकडे या वयाला माणूस मुलीच्या लग्नाचा विचार करू लागतो, नवे धंदे करीत नाही. आणि मग डिसेंबर १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि संस्था प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा. त्यात खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणून वसंतराव उभे राहिले, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यानंतर महाराष्ट्रात त्यांचे नाव ठाऊक नाही असे घर उरले नाही. पुढे १९७९ साली 'अष्टविनायक' चित्रपट आला. त्यात मुलीची पाठवणी करणाऱ्या बापाचे गाणे वसंतरावांच्या गळ्यातले आहे. ते गाणे लग्नाच्या मांडवात लागले की अजून आमच्याकडे वरमाईसुद्धा डोळे पुसते, वधूमाईची गोष्टच सोडा. १९८२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, आणि पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९८३ रोजी, ते पुण्याला गेले. त्रेसष्टाव्या वर्षी.

इथवर ऐकून दीर गप्प झाले. मला वाटले, पटले. मी लुगडे काढायला उठणार तोच ते म्हणाले, "वहिनी, जरा हिशेब करा. चोवीस वर्षं कचेरी. त्यानंतर जगले किती?"

"अठरा."

"म्हणजे असला गळा चोवीस वर्षं बिलं तपासत बसला आणि गायला मोकळी मिळाली अठरा वर्षं. आणि तुम्ही मला सांगता की नोकरी आणि नाच दोन्ही साधतं म्हणून? साधलं कुठं? त्या माणसाचं अर्धं गाणं कचेरीनं खाल्लं."

खरे सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हते. मी दिरांना पटवायला गेले आणि त्यांनीच मला अडवले. वसंतरावांची गोष्ट आपण मोठ्या कौतुकाने सांगतो की बघा, नोकरी सांभाळून कला जोपासली. पण नोकरी नसती तर? वयाच्या पंचविशीत, तिशीत, गळा ऐन भरात असताना त्यांनी जे गायले असते, ते कुठल्या वहीत जमा आहे? त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. उलट बाजूही आहेच. त्या पगारावर घर चालले, पोरांच्या तोंडात घास गेला. ज्या घरात पहिल्या तारखेला पैसा येतो त्या घरातल्या बाईला विचारा की पगाराची किंमत काय. भात बुडाले, आंबा करपला, तरी पहिली तारीख बुडत नाही. आम्ही सगळ्यांनी पोराच्या नोकरीचे पेढे वाटले होते ते याच कारणासाठी, आणि वाटताना मीच पुढे होते.

पण दिरांच्या बोलण्यातला एक धागा मला सोडवत नव्हता. ते म्हणत होते की हसरा माणूस हिशेबाला नालायक. वसंतरावांच्या बाबतीत तरी तसे म्हणता येत नाही. माणूस गमत्या होता म्हणून त्याच्या बेरजा चुकत नव्हत्या. नाहीतर लष्कराच्या कचेरीने त्याला चोवीस वर्षे कशाला पोसले असते? गाण्यातसुद्धा हिशेबच असतो. कितीही लांब आडवळणाने गेले तरी समेवर यायचे ते नेमके त्याच मात्रेवर. एक मात्रा इकडे नाही, तिकडे नाही. आमच्या नमनातला मृदुंगवाला हे जाणतो, आणि तो शाळेत चौथीपर्यंत गेला आहे.

भिशीवाल्याचा दोष हसण्याचा नव्हता. त्याची वही बंद होती हा दोष होता. तो हसवून वही झाकायचा. आमचा पोरगा हसवून वही उघडतो, हा फरक मी दोन वर्षे डोळ्यांनी पाहते आहे. दर रविवारी आमच्या ओटीवर माणसे कागद घेऊन येतात. कोणाचे पासबुक, कोणाची सोसायटीची नोटीस, आंब्याच्या दिवसांत मुंबईहून आलेल्या पट्ट्या. पट्टी वाचणे सोपे नाही. वर पेट्यांची संख्या आणि भाव, खाली गाडीभाडे, हमाली, तोलाई, आणखी कसली कसली वजावट, आणि तळाला हातात पडणारी रक्कम. बहुतेक बागायतदार तळाचा आकडा बघतात, सुस्कारा टाकतात आणि पट्टी डब्यात ठेवून देतात. विचारायचे कोणाला? विचारले तर आपले अडाणीपण उघडे पडते, ही भीती.

गेल्या मोसमात आमच्या शेजाऱ्यांनी अशीच एक पट्टी महिनाभर डब्यात ठेवली होती. पोराने थट्टामस्करी करत ती काढायला लावली. बघतो तर पाठवल्या चाळीस पेट्या, आणि पट्टीवर अडतीस. त्याने शेजाऱ्यांच्या गाडीच्या पावतीशी ताडून पाहिले, फोन लावून दिला, आणि पुढच्या पट्टीत त्या दोन पेट्यांचे पैसे आले. चूक लिहिणाऱ्याची असेल, मी कोणावर आळ घेत नाही. पण डबा उघडला नसता तर ती चूक तशीच राहिली असती. आणि डबा उघडला तो कशामुळे? पोरगा गंभीर तोंड करून बसला असता तर शेजारी पट्टी घेऊन आलेच नसते.

दुसरे सांगते. पलीकडच्या आळीतल्या एका आजीने पतपेढीत थोडे पैसे ठेवले होते. व्याज म्हणजे काय ते तिला कोणी समजावून सांगितले नव्हते. पोरगा म्हणाला, "आजी, समज तू माझ्याकडे शंभर नारळ ठेवलेस. वर्षानं मी तुला एकशे आठ दिले. ते तू नेलेस नाही, तसेच ठेवलेस. आता पुढच्या वर्षी शंभरांना आठ लागतील, आणि त्या वरच्या आठांनाही अर्ध्याहून थोडा जास्त नारळ लागेल." आजी म्हणाली, "अर्धा नारळ कोण देतो? पाणी सांडेल ना!" सगळी ओटी हसली. पण चक्रवाढ व्याज त्या आजीला जन्मभरासाठी समजले. आता ती दर तीन महिन्यांनी पासबुक भरून घेते आणि काऊंटरवर विचारते, "माझा अर्धा नारळ टाकलास काय रे?"

आमच्याच गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले हे हिशेबातले केवढे मोठे मानकरी. शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिणारा हा मास्तर १९०२ साली सरकारच्या अंदाजपत्रकावर बोलायला उभा राहिला आणि तिजोरीत शिल्लक दिसते म्हणून रयत सुखी आहे असे समजू नका, हे त्याने इंग्रज सरकारला त्याच्याच आकड्यांनी दाखवून दिले. गोखले गंभीर प्रकृतीचे, वसंतराव खेळकर. आकडा दोघांनाही फसला नाही. तेव्हा स्वभावाचा आणि बेरजेचा संबंध लावण्यात अर्थ नाही, असे मी दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांना चहा देताना म्हटले. ते म्हणाले, "गोखल्यांनी लुगडं नेसलं नव्हतं." यावर काय बोलणार!

शेवटी प्रश्न सोडवला तो पोरानेच. वडिलांपुढे त्याने दोन कागद ठेवले. एकावर मार्चअखेरपर्यंत पतपेढीचे कोणते काम कोणत्या दिवशी संपवायचे ते मांडलेले. दुसऱ्यावर नमनाचे खेळ कोणत्या वाडीत कोणत्या रात्री ते. एकही दिवस एकमेकांवर चढत नव्हता. शेवटच्या तीन दिवसांत नमन नाही, हे त्याने मंडळाकडून आधीच कबूल करून घेतले होते. शिवाय नमनाच्या सुपारीचे आणि खर्चाचे पैसे कोणाकडे असतात, त्याची वही कशी आहे, तेही त्याने दाखवले. दर खेळानंतर देवळाच्या पायरीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवायची वही.

दिरांनी ती वही मात्र हातात घेतली. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "इथे पेट्रोमॅक्सचे भाडे लिहिलेय. आता वीज आहे ना?"

"गेल्या वर्षीची जुनी बाकी होती, बाबा. यंदा दिली."

"हं," म्हणाले आणि वही परत केली. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. आमच्याकडे बाप्ये असेच हो म्हणतात.

त्या रात्री खेळ देवळाजवळच्या मैदानात होता. मागे समुद्र गाजत होता, पुढे माणसे बसली होती. आमच्या वेळणेश्वराच्या किनाऱ्यावर फाल्गुनातली रात्र बरी असते, थंडी सरलेली आणि उकाडा अजून आलेला नसतो. मावशी आली तेव्हा मी बायकांत बसले होते. माझे लुगडे त्याला छान दिसत होते, हे कबूल करते. कृष्णाने दही मागितले तेव्हा मावशी म्हणाली, "दही देते, पण आधी पावती दे! आणि मागच्या वर्षीचं व्याज?" हे वाक्य वहीत नव्हते, पोराने ऐनवेळी घातले. पलीकडच्या आळीतली आजी एवढी हसली की तिला पाठीवर थोपटावे लागले, आणि ती तिथूनच ओरडली, "आणि माझा अर्धा नारळ?"

दीर आले होते की नाही ते मला तेव्हा दिसले नाही. घरी परतताना मात्र त्यांच्या हातात बॅटरी होती आणि पायांना वाळू होती. मी काही विचारले नाही. त्यांनीच थोड्या वेळाने विचारले, "वहिनी, ते वसंतराव नेफाला गेले तेव्हा गाणं बंद केलं होतं काय हो?"

मी म्हटले, "गळा बरोबरच नेला होता, भावोजी. तो कुठं इथे ठेवून जाणार?"

ते काही बोलले नाहीत. ओटीच्या खांबाला बॅटरी टांगून आत गेले.

पहाटेच्या एसटीला पोरगा नेहमीप्रमाणे उभा होता. डोळ्यांतले काजळ नीट गेले नव्हते. एकतीस मार्चला त्यांच्या पतपेढीचा ताळेबंद रात्री नऊच्या आत जुळला, असे तो सांगतो, आणि मला ते खरे वाटते. माझे जांभळे लुगडे मात्र अजून परत आलेले नाही. विचारले की म्हणतो, "काकू, नावे टाकलंय, काळजी करू नकोस."